अकरा अंगठे आणि 'सर्वांची इच्छा' : ऑनलाइन जगातली सामूहिक जाणीव म्हणजे काय?

काही महिन्यांपूर्वी आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रात्री साडेदहाच्या सुमारास एक संदेश आला. मागच्या बाजूचे छोटे फाटक रात्री उघडे असते, कोणीही आत शिरू शकते, तेव्हा ते कायमचे बंद करावे, असे एका रहिवाशाने लिहिले होते. पाच मिनिटांत त्याखाली अकरा अंगठे उमटले, दोघांनी 'अगदी बरोबर' म्हटले, एकाने कुठल्याशा चोरीची चित्रफीत टाकली आणि सकाळी उठून पाहतो तो समितीचा निरोप : 'सर्वांच्या इच्छेनुसार मागचे फाटक आजपासून बंद.' गटात शंभरच्या आसपास माणसे आहेत. उरलेल्यांना काय वाटत होते हे कोणालाच ठाऊक नव्हते. मी स्वतः ते फाटक रोज वापरतो आणि तरीही मी एक अक्षर लिहिले नव्हते.

ही 'सर्वांची इच्छा' आली कुठून? प्रश्न क्षुल्लक फाटकाचा असला, तरी हाच प्रश्न आज फार मोठ्या प्रमाणावर विचारला जातो. इंटरनेटमुळे सगळी मानवजात मिळून एकच मन तयार होत आहे, असे काही जण आनंदाने सांगतात. हेच मन माणसाचे वेगळेपण गिळून टाकणार, असे काही जण धास्तावून सांगतात. 'सामूहिक चेतना', 'जागतिक मेंदू' असे जड शब्द दोन्ही बाजूंनी सर्रास फेकले जातात आणि साधा वाचक मध्येच गोंधळून उभा राहतो. माझ्या मते दोन्ही बाजू एका गोष्टीकडे काणाडोळा करतात. सामूहिक जाणीव ही कधीच डोक्यांची बेरीज नव्हती. माणसे एकमेकांना कशी आणि किती दिसतात, यावर ती उभी असते. ऑनलाइन जगाने माणसे फारशी बदललेली नाहीत, हे 'दिसणे' मात्र मुळापासून बदलले आहे.

हा शब्द मुळात कोणाचा?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युरकेम यांनी 1893 साली समाजातील श्रमविभागणीवर लिहिलेल्या ग्रंथात ही कल्पना मांडली. एखाद्या समाजातील सर्वसाधारण माणसांच्या मनात ज्या समजुती आणि भावना समान असतात, त्या साऱ्यांचा मिळून जो संच होतो, त्याला त्यांनी सामूहिक जाणीव म्हटले. चोरी वाईट, मृताबद्दल वाईट बोलू नये, रांगेत मध्ये घुसू नये, अशा गोष्टी कोणी आपल्याला वर्गात बसवून शिकवलेल्या नसतात आणि तरी त्या मोडल्या की आपल्या अंगावर काटा येतो.

गंमत अशी की द्युरकेम यांनी वापरलेल्या फ्रेंच शब्दाचे दोन अर्थ होतात : एक जाणीव आणि दुसरा सदसद्विवेक. आपल्याकडे या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे भाषांतर करताना एक अर्थ हातून निसटतोच. हा तपशील केवळ विद्वानांच्या उपयोगाचा नाही. समूहाला काय ठाऊक आहे आणि समूहाला काय योग्य वाटते, ही दोन सूत्रे मुळापासून एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि ऑनलाइन जगात ती सर्वाधिक गुंततात ती संतापाच्या वेळी. त्याकडे पुढे येऊच.

'मी' एकट्याने घडत नाही

समूहाकडे जाण्याआधी व्यक्तीकडे पाहणे भाग आहे, कारण आपली ओळख आतून उगवते आणि मग बाहेर दाखवली जाते, हा समज फारसा खरा नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी 1902 मध्ये आरशाची उपमा वापरली. समोरच्याला मी कसा दिसत असेन याची मी कल्पना करतो, त्यावर तो काय म्हणत असेल याची कल्पना करतो, आणि त्यातून मला स्वतःबद्दल अभिमान किंवा लाज वाटते. म्हणजे माझा आरसा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर असतो.

त्यानंतर अर्धशतकाने समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी रंगभूमीची उपमा दिली. शेटलंड बेटांवरच्या एका हॉटेलात त्यांनी पाहिले होते की, स्वयंपाकघरातले कर्मचाऱ्यांचे वागणे आणि दार ओलांडून पाहुण्यांसमोर गेल्यावरचे वागणे यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. यात ढोंग नाही. प्रत्येक माणूस प्रेक्षक बदलला की भूमिका बदलतो आणि भूमिकांच्या मध्ये दम खायला त्याला पडद्यामागची जागा लागते.

आता फोन हातात घ्या. एक छायाचित्र टाकायचे आहे. ओळ लिहिली, 'आज खूप दिवसांनी मनासारखी सुट्टी.' मग आठवले की वरिष्ठही ते पाहणार आहेत, म्हणून 'मनासारखी' हा शब्द खोडला. मग आठवले की आजारी असलेल्या मावशीही पाहतील, तेव्हा इतका आनंद बरा दिसेल का? शाळेतला मित्र थट्टा करणार, धाकटी बहीण 'मला का नाही नेले' म्हणणार. शेवटी उरते ते एक फूल आणि एक हसरा चेहरा. त्या चित्राखाली मी असतो तो मावशीचा भाचाही नसतो, मित्राचा मित्रही नसतो आणि वरिष्ठांचा सहकारीही नसतो. कोणालाच न खटकणारा असा एक गुळगुळीत इसम असतो. समाजमाध्यमांचे अभ्यासक याला संदर्भांची पडझड म्हणतात : वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले प्रेक्षक मधल्या भिंती पडून एकाच दालनात येतात.

त्यातच आरसाही बदलला. फेसबुकने 2009 मध्ये 'लाइक'चे बटण आणले. समोरच्याच्या चेहऱ्यावर कौतुक, कंटाळा, काळजी, असूया असे बरेच काही वाचता येत होते. त्या जागी एक आकडा आला. आकड्याची एक खोड अशी की तो नेहमी दुसऱ्या आकड्याशी तुलना मागतो. काल चाळीस आणि आज नऊ, यातून स्वतःविषयी काय निष्कर्ष काढायचा हे ठरवणे चेहरा वाचण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, आणि बहुतेक जण तो निष्कर्ष स्वतःच्या विरोधातच काढतात.

गर्दी शहाणी असते की वेडी?

उत्तर दोन्ही आहे. फक्त कधी कोणती, हे ठरवणारी गोष्ट नीट पाहिली पाहिजे.

इंग्लंडमधील प्लिमथ येथे पशुप्रदर्शनात एका बैलाचे, कापून साफ केल्यानंतरचे, वजन किती भरेल याचा अंदाज बांधण्याची स्पर्धा होती. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी त्यातील 787 चिठ्ठ्या मिळवून 1907 साली त्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. सर्व अंदाज चढत्या क्रमाने लावल्यावर अगदी मध्ये येणारा अंदाज 1,207 पौंड होता आणि प्रत्यक्ष वजन 1,198 पौंड भरले. एकेकट्याचे अंदाज मात्र बरेच इकडेतिकडे होते. कोणी फार वर गेला, कोणी फार खाली, आणि चुका एकमेकींना खाऊन टाकत गेल्या. पण हे घडले, कारण प्रत्येकाने आपली चिठ्ठी स्वतंत्रपणे लिहिली होती.

आता याची दुसरी बाजू पाहा. 2006 साली मॅथ्यू सॅलगॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. चौदा हजारांहून अधिक लोकांना एका संकेतस्थळावर अनोळखी वाद्यवृंदांची 48 गाणी ऐकायला आणि आवडली तर उतरवून घ्यायला दिली. काहींना फक्त गाण्यांची नावे दिसत होती. इतरांना आठ वेगवेगळ्या 'जगांत' विभागले होते आणि आपापल्या जगात कोणते गाणे किती जणांनी घेतले तो आकडा दिसत होता. आकडा दिसू लागताच लोकप्रिय गाणी अधिकच लोकप्रिय झाली आणि मागे पडलेली अधिकच मागे पडली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कोणते गाणे वर येणार हे प्रत्येक जगात वेगळे ठरले. अगदीच उत्तम गाणे सहसा तळाला जात नव्हते, अगदीच टाकाऊ सहसा शिखरावर जात नव्हते. मधल्यांचे नशीब मात्र पहिल्या काही जणांच्या हातात होते.

माझ्या समजुतीप्रमाणे या विषयातला हा सर्वांत बोलका प्रयोग आहे. 'लोकांना हे आवडले' असे आपण म्हणतो तेव्हा लोकांची आवड आधी होती आणि आकडा नंतर आला, असे गृहीत धरतो. इथे आकडा आधी आला आणि आवड त्याच्यामागे चालत गेली. आमच्या गटावरचा बारावा अंगठा उमटला असता, तर तो फाटकाला मिळाला असता की आधीच्या अकरा अंगठ्यांना?

त्यावर कोणी म्हणेल, माणसे इतकी कच्ची नसतात. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनाही 1951 च्या सुमारास असेच वाटत होते. त्यांनी समोर रेघा ठेवल्या आणि कोणती रेघ नमुन्याइतकी लांब आहे एवढेच विचारले. एकट्याला विचारले तर चूक जवळपास होतच नाही. पण खोलीतील बाकीचे सगळे, जे आधीच फितवलेले होते, ठामपणे चुकीचे उत्तर देऊ लागले, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी डोळ्यांदेखत चुकीच्या उत्तराला होकार दिला. तेच उत्तर कागदावर गुपचूप लिहायला सांगितले, तर मान तुकवण्याचे प्रमाण खूपच घटले. बऱ्याच जणांना रेघ बरोबर दिसत होती, तोंडातून मात्र दुसरेच निघत होते.

'पण गर्दी पूर्वीही होती, यात नवीन काय?'

हा आक्षेप रास्त आहे. भुलणे, वाहवत जाणे, मान डोलावणे हे सारे इंटरनेटच्या कितीतरी आधीचे आहे. नवीन आहे ते मौनाचे काय झाले ते.

एका खोलीत वीस माणसे बसली आहेत आणि तिघे तावातावाने बोलत आहेत. उरलेले सतरा गप्प असले, तरी दिसतात. कोणी खाली पाहतो, कोणी खिडकीबाहेर, कोणी शेजाऱ्याकडे बघून भुवई उंचावतो. बोलणाऱ्यालाही हे दिसते आणि तो आवाज खाली आणतो. ऑनलाइन खोलीत सतरा जणांची ही हालचाल दिसतच नाही. जो बोलत नाही, तो तिथे नसतोच. त्यामुळे बोलणारे तिघे हेच संपूर्ण सभागृह होऊन बसतात, आणि गप्प असलेल्या प्रत्येकाला वाटते की वेगळे मत असलेला मी एकटाच. सगळ्यांना आतून एक वाटते, सगळ्यांना बाहेरून दुसरेच दिसते, आणि प्रत्येक जण दिसण्यालाच सगळ्यांचे वाटणे समजतो. मराठीत याला नेमका शब्द नाही. 'झाकली मूठ' जवळ जाते, फक्त इथे शंभर मुठी झाकलेल्या असतात.

बोलणारे किती थोडे असतात, याची मोजणीही झालेली आहे. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने 2019 मध्ये दाखवले की, त्या देशातील ट्विटर (आताचे एक्स) वापरणाऱ्या प्रौढांपैकी सर्वाधिक लिहिणारे 10 टक्के लोक एकूण 80 टक्के ट्वीट लिहीत होते. 'ट्विटरवर लोक म्हणत आहेत' ही बातमी वाचताना हे प्रमाण मनात ठेवले, तर बातमीचे वजन लगेच बदलते.

संताप एवढा भराभर का पेटतो?

इथे द्युरकेम यांच्या शब्दाचा दुसरा अर्थ, म्हणजे सदसद्विवेक, पुढे येतो. गुन्हेगाराला शिक्षा केल्याने त्याच्यापेक्षा जास्त परिणाम इतर भल्या माणसांवर होतो, असे ते म्हणत. लहान गावात एखादे नीतीबाह्य प्रकरण घडले की लोक रस्त्यात एकमेकांना थांबवतात, एकमेकांकडे जातात आणि मिळून संतापतात, असे वर्णन त्यांनी केले आहे. त्या एकत्र संतापण्यातून 'आपण सगळे एका बाजूचे आहोत' ही खात्री पुन्हा पक्की होते. म्हणजे संताप हा जोडणारा डिंक आहे. प्रेमापेक्षा स्वस्त आणि लवकर वाळणारा.

रस्त्यात थांबवून बोलायला निदान पायपीट तरी करावी लागे आणि संध्याकाळपर्यंत लोक दमत. आता एका बोटाने ते काम होते आणि बक्षीसही ताबडतोब मिळते. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या विल्यम ब्रेडी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात, वादग्रस्त राजकीय विषयांवरील ट्वीटमध्ये नीती आणि भावना दोन्ही चेतवणारा प्रत्येक जादा शब्द तो संदेश पुढे जाण्याचे प्रमाण सुमारे 20 टक्क्यांनी वाढवतो असे आढळले. 2021 च्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात, संतापाला शाबासकी मिळालेली माणसे पुढे अधिक संताप व्यक्त करू लागतात असे दिसले. ती मुळातच तापट होती असे म्हणून चालणार नाही. समूहाने शिकवले आणि ती शिकली.

ज्याच्यावर संताप कोसळतो त्याच्या बाजूने पाहिले, तर चित्र फार वेगळे दिसते. प्रत्येक जण एकच खडा टाकतो आणि 'मी तर एकच टाकला' म्हणून झोपी जातो. खाली उभ्या असलेल्यावर मात्र दरड कोसळलेली असते.

'ऑनलाइन नाती खरी नसतातच, नाही का?'

या वाक्यावर मान डोलावणे सोपे आहे, पण मला ते पटत नाही. घरापासून दूर असलेला माणूस रोज पडद्यावर आईचा चेहरा पाहतो, दुर्मीळ आजार असलेल्याला जगाच्या दुसऱ्या टोकाला त्याच आजाराचा माणूस सापडतो, आणि ज्याला आपल्या घरात स्वतःबद्दल खरे बोलता येत नाही त्याला ते कुठेतरी बोलता येते. या नात्यांना खोटे म्हणणे हा उद्धटपणा आहे. शिवाय समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्येच दाखवले होते की, नव्या नोकरीची खबर बहुधा जिवलगांकडून येत नाही, तर तोंडओळखीच्या माणसांकडून येते, कारण जिवलगांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते. ऑनलाइन जग ही पातळ नाती फार उत्तम सांभाळते.

अडचण पातळ आणि दाट यांच्या सरमिसळीत आहे. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या मांडणीप्रमाणे एक माणूस सुमारे 150 जणांशी अर्थपूर्ण संबंध ठेवू शकतो आणि त्यातही अगदी आतल्या वर्तुळात पाचेक जणच असतात. या आकड्यांवर वाद आहेत, पण मूळ मुद्दा कोणालाही अनुभवाने पटेल : वेळ आणि लक्ष मर्यादित आहे. पडद्यावर मात्र जिवलग मित्र आणि सात वर्षांपूर्वी एकदा भेटलेला सहप्रवासी एकाच आकाराच्या चौकोनात, एकाखाली एक दिसतात. त्यातच प्रसिद्ध व्यक्तीही त्याच चौकोनात बोलतात. आपण त्यांना ओळखतो, ते आपल्याला ओळखत नाहीत. या एकतर्फी जवळिकीचे वर्णन हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी दूरचित्रवाणीच्या काळात, 1956 मध्ये, करून ठेवले आहे.

'मग सगळा दोष अल्गोरिदमचाच ना?'

अल्गोरिदम म्हणजे ठरवून दिलेल्या पायऱ्यांची यादी. समाजमाध्यमांच्या बाबतीत, कोणाला काय आधी दाखवायचे हे ठरवणारे नियम. दोष नाही असे म्हणता येणार नाही, कारण 'दिसणे' हाच जर कळीचा मुद्दा असेल, तर दाखवणाऱ्याची जबाबदारी मोठीच. 2012 मध्ये फेसबुकने 6,89,003 वापरकर्त्यांच्या पडद्यावरील आनंदी किंवा दुःखी मजकूर आठवडाभर कमी करून पाहिला, त्यांना न सांगता. त्यांच्या स्वतःच्या लिहिण्यात त्याच दिशेने फरक पडला, पण तो अगदी बारीक होता. 2014 मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा गदारोळ माजला तो परिणामाच्या आकारापेक्षा न विचारण्यावरून.

मात्र सगळे खापर यंत्रावर फोडले की एक उलट उदाहरण नजरेआड होते. 2001 मध्ये सुरू झालेला विकिपीडिया हाही अनोळखी लोकांच्या गर्दीनेच लिहिला आहे. तिथेही भांडणे होतात, आणि ती कडवट असतात. पण लेखाखाली अंगठ्यांचा आकडा नसतो, प्रत्येक बदलाचा इतिहास कोणालाही उघडून पाहता येतो, वाद वेगळ्या चर्चापानावर घालावा लागतो, आणि 'असे सगळे म्हणतात' हा पुरावा चालत नाही, संदर्भ द्यावा लागतो. तीच माणसे, तेच जाळे. दिसण्याची रचना वेगळी, म्हणून निपजणारी सामूहिक जाणीवही वेगळी.

पृथ्वीला मेंदू फुटतो आहे का?

फ्रेंच धर्मगुरू आणि जीवाश्मतज्ज्ञ तेयार द शार्दँ यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात, पृथ्वीभोवती जसे हवेचे आवरण आहे तसे विचारांचेही आवरण तयार होत आहे, अशी कल्पना मांडली. इंटरनेट आल्यावर ती पुन्हा उजळली. कल्पना मोहक आहे, पण 1924 मध्येच मानसशास्त्रज्ञ फ्लॉइड ऑलपोर्ट यांनी बजावले होते की मज्जासंस्था व्यक्तीला असते, समूहाला नाही. समूह विचार करतो असे म्हणणे हा फसवा बोलघेवडेपणा आहे. मी ऑलपोर्ट यांच्या बाजूने झुकतो. शंभर फोन एकमेकांना जोडले म्हणून त्यांतून एकशे एकावा 'मी' उठून उभा राहत नाही. दुखते ते कोणा एकालाच.

पण एक नवी भर ध्यानात घेऊन. आजकाल त्या गर्दीत माणसांनी न लिहिलेले लेखनही मिसळते आहे. भाषा घडवणारी यंत्रे माणसांनीच लिहिलेल्या अफाट मजकुरावर तयार झाली आहेत आणि त्याच सुरात उत्तर देतात. म्हणजे अकरा अंगठ्यांपैकी किती बोटे खरी, हा प्रश्न येत्या काळात चेष्टेचा राहणार नाही.

आमच्या फाटकाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. दोन आठवड्यांनी एका आजींना औषध आणायला भलामोठा वळसा पडला आणि त्यांनी समितीला तोंडावर विचारले की ही सर्वांची इच्छा कोणी मोजली. मग वहीचे कागद फाडून प्रत्येक घरात एकेक चिठ्ठी दिली, नाव न घालता, आणि जिन्याखाली बुटांचा रिकामा खोका ठेवला. रविवारी मोजणी झाली. बहुतेक चिठ्ठ्यांवर 'उघडे ठेवा' होते, काहींवर 'कुलूप लावा पण किल्ल्या वाटा' असेही होते. मोजायला बसलेल्यांपैकी एक जण त्या रात्रीच्या अकरा अंगठ्यांतला होता. तुमची चिठ्ठी कोणती, असे मी त्याला सहज विचारले. तो म्हणाला, "उघडे ठेवा. मला पहिल्यापासून तसेच वाटत होते. पण माझ्या आधी आठ जणांनी अंगठा दिला होता ना."